वॉर रूम मुंबईला, पण पासवर्ड तालुक्याला मॉनिटरवर चिटकवलाय

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

सरकारी ऑफिसांची सायबर सुरक्षा मजबूत करणार, वॉर रूम उभारणार, ऑडिट करणार असल्या बातम्या तुमच्या पेपरात दर दोन-चार महिन्याला असतातच. राज्याचा ८३७ कोटींचा सायबर प्रकल्प आला, नवी मुंबईत महापेला मोठं केंद्र झालं, चांगलंच झालं, त्याच्यावर मला काही टीका करायची नाही. पण मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सेवा केंद्र चालवतो, सकाळी शटर वर केलं की लाईट जाईपर्यंत सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, फार्मर आयडी, केवायसी हेच चालू असतं, आणि मला रोज जे दिसतं ते त्या बातम्यात कुठंच नसतं. म्हणून लिहायलोय. पत्र लांबलंय, कापायचं तर कापा पण लॉगिनचं जे लिहिलंय तेवढं राहू द्या.

पूर्वी सरकारी काम म्हणजे साहेबाची सही आणि गोल शिक्का. शिक्का कपाटात, कपाटाची चावी अव्वल कारकुनाकडं, आणि शिक्का गहाळ झाला तर पोलीस स्टेशनला तक्रार आणि पेपरात जाहीर नोटीस. आता त्या सहीच्या जागी आयडी-पासवर्ड आलाय आणि डीएससी आलीय, म्हणजे डिजिटल सहीचं ते पेनड्राईव्हसारखं डोंगल. आयटी कायदा २००० चं कलम ४२ सरळ सांगतं की ही डिजिटल सहीची चावी ज्याच्या नावची आहे त्यानं ती आपल्याच ताब्यात ठेवायची आणि ती दुसऱ्याच्या हातात पडली असं वाटलं तर उशीर न करता कळवायचं. प्रत्यक्षात डोंगल सकाळी सीपीयूला लागतं ते संध्याकाळी निघतं, कधी निघतच नाही, पिन ऑपरेटरला पाठ, ऑपरेटर सुट्टीवर गेला की शेजारच्या टेबलावरच्याला पाठ.

एका ऑफिसात तर मी स्वतः बघितलंय, कुठलं ते लिहीत नाही कारण मला तिथं रोज जावं लागतं. मॉनिटरच्या खालच्या पट्टीवर सेलोटेपनं कागद चिटकवलेला, त्याच्यावर निळ्या स्केचपेननं युजर आयडी आणि खाली पासवर्ड, पासवर्ड म्हणजे तालुक्याचं नाव, पुढं ॲट, पुढं १२३. सिस्टीम अधूनमधून पासवर्ड बदला म्हणते, मग १२३ चं १२४ होतं, १२४ चं १२५, जुना आकडा खोडून शेजारी नवा लिहिलेला, अशी खाडाखोडीची एक रांगच तयार झालेली. बाहेर बाकड्यावर दाखल्यासाठी बसलेल्यानं मान जराशी वाकडी केली की त्याला पण वाचता येईल. मी ऑपरेटरला म्हणलो, भाऊ ते झाकून तरी ठेव, तर तो म्हणला, "काका, झाकलं तर मीच विसरतो, आणि हे माझं थोडंच आहे, साहेबाचं आहे."

त्या पोराचं काही चूक नाही असं माझं मत आहे. साहेब पण चोर नसतो. साहेबाला पंचनामे, व्हीसी (व्हिडिओवरची बैठक), मंत्र्याचा दौरा, कोर्टाची तारीख, निवडणूक, मोर्चाचं निवेदन, सगळं एकाच दिवशी असतं. इकडं लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा आहे, दाखला मुदतीत द्यायचा, आणि वरून आढावा बैठकीत पहिला प्रश्न पेंडन्सी किती. जूनमध्ये शाळा-कॉलेजच्या ॲडमिशन लागल्या की दाखल्यांचा ढीग पडतो, एकेक अर्ज उघडून, कागद बघून, पिन टाकून सही करत बसला तर दुसरं काहीच होणार नाही. मग डोंगल ऑपरेटरच्या हातात जातं. म्हणजे नियम एक, आणि काम उरकायची पद्धत दुसरी, आणि दोन्ही सगळ्यांना माहीत. ऑपरेटर कंत्राटी, आज आहे उद्या नाही. तो गेला तरी पासवर्ड तोच राहतो, फार तर १२५ चं १२६.

ह्यातून काय होतं ते बघायला दिल्लीला जायची गरज नाही. आपल्या शेजारी जालना जिल्ह्यात अंबड-घनसावंगी भागात २०२२ ते २०२४ च्या अतिवृष्टी अनुदानात जे झालं ते तुमच्याच पेपरात आलंय. ज्यांच्या नावावर शेती नाही त्यांच्या खात्यावर अनुदान, कोट्यवधीचा मामला, चौकशीत तहसीलच्या लॉगिन-पासवर्डचा गैरवापर पुढं आला, तलाठी निलंबित, गुन्हे दाखल. (तलाठी म्हणायचं नसतं म्हणे आता, ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. नाव बदललं, लॉगिन तेच.) आणि यवतमाळच्या शेंदुरसनीचं तर २०२५ च्या शेवटाला गाजलंच, दीड हजाराच्या आसपास वस्तीचं गाव आणि जन्माच्या नोंदी २७ हजाराच्या वर! जन्म-मृत्यू नोंदणीच्या पोर्टलवर गावाचं लॉगिन वापरून कोणी भलत्यानंच त्या नोंदी घातल्या. ह्या दोन्ही ठिकाणी कोणी रशियाहून सिस्टीम फोडायला आलं नव्हतं. दार उघडं होतं, लोक दारातून आत गेले.

आपलं सगळं धोरण मात्र बाहेरून येणाऱ्यावर आहे. वाड्याचा दिंडी दरवाजा लोखंडी करायचा, त्याच्यावर पहारा बसवायचा आणि परसाच्या दाराला कडीच नाही, असा हा प्रकार. फायरवॉल, म्हणजे बाहेरच्याला अडवणारी यंत्रणा पाहिजे, वॉर रूम पाहिजे, मी नाही म्हणतच नाही, पण चोर जेव्हा तहसीलदाराच्या खऱ्या आयडीनं, खऱ्या पासवर्डनं आत येतो तेव्हा कुठल्याच मशीनला तो चोर दिसत नाही, तिला तहसीलदारच दिसतो. सर्ट-इन म्हणजे केंद्राची सायबर सुरक्षेची संस्था, तिचा २०२२ चा आदेश आहे की सिस्टीमचे लॉग १८० दिवस जपून ठेवायचे, म्हणजे कोण कधी आलं काय केलं ह्याची नोंद. चांगला आदेश आहे. पण एकाच आयडीवर पाच माणसं काम करत असतील तर लॉगमध्ये पाची वेळा एकाच साहेबाचं नाव दिसणार, मग खरं कोण बसलं होतं ते कशावरून ठरवायचं? आणि प्रकरण उघडकीस आलं की सगळ्यात आधी मरतो तो दहा हजाराच्या आतबाहेर मानधन असलेला संगणक परिचालक. ज्यानं यादी घालायला लावली तो मोकळा. चोर सोडून संन्याशाला फाशी.

त्यामुळं माझी पहिली मागणी एवढीच आहे की जो माणूस कीबोर्डवर बसतो त्याला त्याच्या स्वतःच्या नावाचं लॉगिन द्या. कंत्राटी असो, रोजंदारीवर असो, ज्या दिवशी रुजू झाला त्या दिवशी लॉगिन चालू, ज्या दिवशी काम सोडलं त्या दिवशी बंद. त्यानं अर्ज तपासून पुढं ढकलायचा, सही ज्याची त्यानं करायची, आणि सह्यांचा ढीग जास्त असेल तर सही करणारी माणसं वाढवा, डोंगल वाटत फिरू नका. पासवर्डच्या जोडीला त्याच माणसाच्या मोबाईलवर ओटीपी नाहीतर अंगठा लावा. आम्हा केंद्रवाल्यांना काही पोर्टलवर असं आहे, आम्हाला जमतं तर ऑफिसात न जमायला काय झालं. "पासवर्ड कोणासही देऊ नये" अशी परिपत्रकं भरपूर निघाली, ती त्याच मॉनिटरच्या मागं फायलीला लावलेली असतात. काम करायची पद्धत बदलल्याशिवाय परिपत्रकानं काही होत नाही.

आता ओटीपीचं, हे मला लई दिवसापासून सांगायचं होतं. मध्यंतरी कोणालाही फोन लावला की आधी बच्चन साहेबांचा आवाज यायचा, सावध राहा, ओटीपी कोणाला सांगू नका. फोन ऐकत ऐकतच माणूस माझ्या दुकानाच्या पायरीवर येतो, आणि मी त्याला पहिलं वाक्य काय म्हणतो? "मामा, मोबाईलवर ओटीपी आला का, सांगा." पीएम किसानची केवायसी, ओटीपी सांगा. फार्मर आयडी, ओटीपी सांगा. लाडक्या बहिणीची केवायसी, आधी बाईचा ओटीपी, मग नवऱ्याचा नाहीतर वडलाचा ओटीपी, आणि वडील ऊसतोडीला कर्नाटकात. मग ती तिथंच फोन लावते, "आण्णा, आता एक नंबर येईल, तो सांग पटकन." आण्णा तिकडं फडात कोयता खाली ठेवून कोणाला तरी मेसेज वाचायला लावतो, कारण मेसेज इंग्रजीत, आणि ते आकडे चार माणसाच्या कानावरून माझ्यापर्यंत येतात. म्हणजे सरकारनंच गावोगाव लोकांना सवय लावली की फोन आला, योजनेचं नाव घेतलं, की ओटीपी सांगायचा. उद्या दुसऱ्याच कोणी फोन करून "केवायसी राहिलीय, हप्ता बंद होईल" म्हणलं तर त्या माणसाला फरक कसा कळावा? मग म्हणायचं लोक अडाणी आहेत, जनजागृती पाहिजे. लोक अडाणी नाहीत साहेब, जे शिकवलं तेच करायलेत.

ह्याच्यावर उपाय काही फार अवघड नाही. मेसेज मराठीत पाठवा आणि त्यात स्वच्छ लिहा की हा नंबर कशासाठी आहे, कुठल्या केंद्रावरून मागितलाय. "हा ओटीपी अमुक योजनेच्या केवायसीसाठी आहे, ह्यानं बँकेतून पैसे निघत नाहीत" एवढं असलं तरी माणूस विचार करतो. आणि प्रत्येक योजनेला, प्रत्येक हंगामाला नवी केवायसी कशाला लागते तेच कळत नाही, एकदा फार्मर आयडी काढला ना, मग तोच सगळीकडं चालवा. प्रत्येक नव्या केवायसीच्या तारखेबरोबर खोट्या लिंकांचं पीक येतं, हे मी दरवेळेस बघतो. व्हॉट्सॲपवर "पीएम किसान यादी" नावाची एपीके फाईल, म्हणजे मोबाईलमध्ये ॲप टाकणारी फाईल येते, आरटीओ चलनाच्या नावानं येते, आता लग्नपत्रिकेच्या नावानं पण येते, दाबली की मोबाईलमधले मेसेज तिकडं जायला लागतात, मग ओटीपी विचारायची पण गरज नाही.

याद्यांचं तर काय सांगावं. अतिवृष्टीचं अनुदान आलं की व्हीके नंबरच्या याद्या येतात, तो विशिष्ट क्रमांक घेऊन शेतकरी आमच्याकडं केवायसीला येतो. ही यादी गावात कशी येते? पीडीएफ, नाहीतर रजिस्टरच्या पानाचा फोटो, थेट गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. नाव, गट नंबर, क्षेत्र, रक्कम इथपर्यंत ठीक, पण कित्येक याद्यात बँकेचा खाते नंबर आणि आधार नंबर पण पूर्णच्या पूर्ण असतो. त्या ग्रुपमध्ये सरपंचापासून पुण्याला कंपनीत असलेल्या पोरापर्यंत सगळे, ते पुढं पाठवतात, पाहुण्याच्या ग्रुपवर जाते, तिथून कुठं जाते कोणी सांगावं. फोन करणाऱ्या ठगाला आणखी काय पाहिजे, गट नंबर सांगितला, बापाचं नाव सांगितलं, अनुदानाची रक्कम रुपयासकट सांगितली की कोणाचाही विश्वास बसेल. आमच्या गिऱ्हाईकातल्या एका मावशीला असाच फोन आला होता, समोरच्यानं तिला तिच्या वावराचं क्षेत्र आरमध्ये सांगितलं. मावशी मला म्हणतेत, "दादा, एवढं तर माझ्या पोराला पण माहीत नाही, मग तो तहसीलचाच नसणार तर कोण?"

यादी लावू नका असं मी म्हणत नाही. यादी लागलीच पाहिजे, नाहीतर जालन्यासारखं कोणाचं नाव घुसवलं ते गावाला कळणारच नाही, गावकऱ्यानं यादी वाचणं हाच मोठा पहारा आहे. पण नाव, गाव, क्षेत्र, रक्कम एवढं लावा, आधारचे आणि खात्याचे शेवटचे चार आकडे सोडून बाकी फुल्या मारा. आधार कार्डसुद्धा तसं निघतं, मास्क्ड आधार, पहिले आठ आकडे झाकलेले, सरकारनंच सोय केलेली. पण ऑफिसात ते दिलं की "पूर्ण नंबर दिसत नाही, चालत नाही" म्हणून परत पाठवतात. आणि झेरॉक्स! एका अर्जाला आधारच्या झेरॉक्स दोन-दोन, तीन-तीन, काम झालं की गठ्ठा कोपऱ्यात, मग रद्दीत. भज्याच्या गाड्यावर मी आधारच्या झेरॉक्सच्या कागदात भजे खाल्लेत, फोटो अगदी स्वच्छ दिसत होता.

अंगठ्याचं थोडक्यात सांगतो. हरियाणा, तेलंगणा, कर्नाटक असल्या राज्यात भामट्यांनी जमिनीच्या खरेदीखताच्या ऑनलाईन नकलांवरचे अंगठे उचलून त्याचे रबरी ठसे केले आणि आधारवरून पैसे काढायच्या सोयीतून लोकांची खाती साफ केली. त्याला ओटीपी पण लागत नाही, आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा झाला की पैसे निघतात. त्यानंतर आधारवाल्यांनी जुनी एल-झिरो अंगठ्याची मशीन बंद करून एल-वन आणली. जुन्या मशीनमध्ये अंगठ्याचा डेटा कॉम्प्युटरवर येऊन मग कुलूपबंद व्हायचा, नवीनमध्ये मशीनच्या आतच होतो, वाटेत कोणाला हात मारता येत नाही. आम्ही सगळ्यांनी खिशातून पैसे घालून नवीन मशीन घेतली, कुरकुर केली पण घेतली, आणि ते बरोबरच झालं. म्हणजे सरकारनं मनावर घेतलं की खालपर्यंत बदल होतो, हे उदाहरण डोळ्यासमोर आहे. बायोमेट्रिक लॉक करायची पण सोय आहे, पण लॉक केलं की रेशनला अंगठा लागत नाही, मग म्हातारं माणूस तिथून माघारी आणि परत माझ्याकडं, अनलॉक करून दे म्हणून. त्यामुळं गावात ते कोणी करत नाही, मी पण आता सांगायचं सोडलंय.

ऑफिसातले कॉम्प्युटर बघितले का कधी. विंडोज सेव्हनला कंपनीनं १४ जानेवारी २०२० ला सपोर्ट बंद केला, विंडोज टेनचा १४ ऑक्टोबर २०२५ ला. सपोर्ट बंद म्हणजे त्यात नवं भगदाड सापडलं तरी ते बुजवायचं काम कंपनी आता तशी करत नाही. तालुक्याला जाऊन बघा, सेव्हन अजून आहे, आणि टेन तर सगळीकडंच. २०१७ ला वॉनाक्राय नावाचा व्हायरस आला होता, जगभर कॉम्प्युटर लॉक केले त्यानं, इंग्लंडचे सरकारी दवाखाने ठप्प पडले, आणि ते भगदाड बुजवायचं अपडेट कंपनीनं दोन महिने आधीच मार्चमध्ये दिलेलं होतं. ज्यांनी घातलं नाही ते मेले. आपल्याकडं अपडेट चालू झालं की ऑपरेटर आधी ते बंद करतो कारण नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालू असतं, डेटा त्याचा जातो. ॲन्टिव्हायरस क्रॅक केलेला. पेनड्राईव्ह एकच, तो तहसीलला, पंचायत समितीला, बाहेर झेरॉक्सच्या दुकानात आणि तिथून परत. सरकारी मेल आयडी असून पत्रव्यवहार खाजगी जीमेलवर, त्या जीमेलचा पासवर्ड तीन बदल्यांपूर्वीच्या साहेबाच्या मोबाईलमध्ये.

आणि समजा एखाद्या दिवशी सगळं लॉक झालं तर? दिल्लीच्या एम्सचं झालंच ना, २३ नोव्हेंबर २०२२ ला सायबर हल्ल्यात सर्व्हर गेले, देशातला एवढा मोठा दवाखाना, जवळपास दोन आठवडे हातानं केसपेपर लिहीत होता. नंतर संसदेत सरकारनंच सांगितलं की नेटवर्कचे भाग नीट वेगळे केलेले नव्हते म्हणून ते झालं, म्हणजे एका खोलीत शिरलेला सगळ्या घरात फिरला. आपल्या राज्यात एमआयडीसीवर २०२१ च्या मार्चमध्ये असाच हल्ला झाला. जुलै २०२४ ला बँकांचं सॉफ्टवेअर बघणाऱ्या एका कंपनीवर हल्ला झाला तर देशातल्या तीनशेच्या आसपास लहान सहकारी आणि ग्रामीण बँकांचं यूपीआय-एटीएम बंद ठेवावं लागलं.

मराठवाड्यात बसून मला ह्याच्यात एकच गोष्ट सारखी खुपते. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायचं काम चाललं तेव्हा आपण सगळ्यांनी बघितलं, निजामाच्या काळातले कागद, खासरा पत्रकं, मोडीतली, उर्दूतली दप्तरं, लाल फडक्यात बांधलेली, काही वाळवीनं खाल्लेली, पण उघडली की वाचता आली. मोडी वाचणारे शोधावे लागले तो भाग वेगळा, पण कागद होता. आजचा फेरफार, आजचा सातबारा शंभर वर्षांनी कोणाला उघडता येईल का हे सोडा, पुढच्या महिन्यात सर्व्हर लॉक झाला तर उघडेल का? बॅकअप आहे असं सगळेच सांगतेत. बॅकअप घेतला म्हणजे झालं नाही, तो त्याच नेटवर्कला जोडलेला असेल तर चोर त्याला पण कुलूप लावतो, आणि तो परत लावून बघितला का, चालतो का, हे वर्षातून एकदा तरी करून बघायला पाहिजे. जिल्ह्याच्या ठिकाणी एक दिवस ठरवून सांगावं की आज सिस्टीम बंद समजा, आता कामं कशी करणार ते दाखवा. पूर येण्याच्या आधी गोदाकाठच्या गावात मॉक ड्रिल करता, मग ह्याची कामून नाही?

काही मंडळी हे वाचून म्हणतील, बघा, आम्ही म्हणलोच होतो, कागदच बरा होता. मला ते अजिबात पटत नाही. फेरफारासाठी चपला झिजवलेली, सातबाऱ्यासाठी चहापाणी दिलेली माणसं अजून जिवंत आहेत, त्यातला मी एक. ऑनलाईन झालं म्हणून ऊसतोडीला गेलेल्या माणसाला तिथून मोबाईलवर सातबारा काढता येतो. मागं जायचं नाही. पण सोय वाढवताना कुलूप पण वाढवा एवढंच म्हणणं आहे.

सगळ्यात वाईट भाग आता सांगतो. माणसाचे पैसे गेले तर १९३० ला फोन करायचा हे आता बऱ्याच जणांना माहीत झालंय, लवकर केला तर पैसे गोठवता येतात, त्याचा उपयोग होतो, मी स्वतः गिऱ्हाईकांना लावून दिलेत. पण सरकारी लॉगिनच कोणी वापरायला लागलं तर कोणाला फोन करायचा? मला एकदा एका दाखल्याचा संशय आला, बारकोड बरोबर, सही बरोबर, पण ज्या माणसाच्या नावचा होता त्यानं तो अर्जच केलेला नव्हता. मी त्या ऑफिसात गेलो तर म्हणले, सेतूत विचारा. सेतूत म्हणले, जिल्ह्याला विचारा. जिल्ह्याला फोन केला तर म्हणले, लेखी अर्ज द्या, आयटीवाल्याकडं पाठवतो. पोलीस स्टेशनला गेलो तर साहेब म्हणले, "तुमचे किती पैसे गेले?" माझे काहीच गेले नव्हते. मग तक्रार कशाची? ते तिथंच राहिलं, दाखला पुढं कुठं वापरला गेला मला काही कळलं नाही. आणि वर मलाच एकानं सल्ला दिला, जास्त खोलात जाऊ नका, तुमचंच केंद्र चौकशीत यायचं.

सर्ट-इनच्या त्याच २०२२ च्या आदेशात लिहिलंय की असला प्रकार कळला की सहा तासात कळवायचं, सरकारी ऑफिसांना पण ते लागू आहे. सहा तास! आमच्या तालुक्यात सहा तासात पत्राला जावक नंबर पडत नाही. आणि तिथल्या किती जणांना ह्या आदेशाबद्दल माहीत आहे ते विचारून बघा. कळवलं तर आपलीच चौकशी लागेल ही भीती, म्हणून सगळे मिठाची गुळणी धरून बसतात. जो आपणहून कळवेल त्याला आधी मेमो देऊ नका, हे वरून कोणीतरी साहेबानं बोललं पाहिजे, नाहीतर कधीच काही कळणार नाही. प्रत्येक तालुक्याला ह्या कामाचा एक माणूस पाहिजे, मोठा इंजिनिअर नको, आपल्याकडं संभाजीनगर, नांदेड, लातूरला कॉम्प्युटर शिकून घरी बसलेली पोरं कमी नाहीत, एखादं पोरगं तहसीलमध्ये बसवा, त्याचा नंबर दर्शनी भागात लावा जसा लाचलुचपतवाल्यांचा लावलेला असतो. त्यानं महिन्यातून एकदा प्रत्येक ऑफिसात फिरून मॉनिटरवरचे कागद फाडले तरी पगार वसूल आहे.

आणि माहिती फुटली तर ज्याची फुटली त्याला सांगा. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा तेच म्हणतो, ज्यांची माहिती गेली त्यांना कळवायचं, आणि त्यात २५० कोटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. सरकारी दंड सरकारच्याच एका खिशातून दुसऱ्या खिशात जाणार म्हणून मला त्या दंडाचं काही अप्रूप नाही, पण कळवायचं तर कळवा ना. जून २०२३ ला कोविनची, म्हणजे कोरोना लसीच्या नोंदणीच्या पोर्टलची माहिती टेलिग्रामच्या बॉटवर मिळायला लागली होती, मोबाईल नंबर टाकला की लस घेताना दिलेल्या ओळखपत्राचा नंबर समोर. माझ्या माहितीत एकाही माणसाला सरकारकडून साधा मेसेज आला नाही की बाबा तुझं त्यात होतं का नव्हतं.

शेवटी एक विनंती तुमच्याकडंच, साहेब. कुठल्या योजनेची मुदत, केवायसी, नवी नोंदणी अशी बातमी छापता तेव्हा लोक तो पेपर हातात घेऊन माझ्याकडं येतेत, तुमच्या बातमीवर त्यांचा पोर्टलपेक्षा जास्त विश्वास आहे. लाडक्या बहिणीच्या केवायसीच्या टायमाला खोट्या वेबसाईट निघाल्या तेव्हा बातमीत "अधिकृत वेबसाईटवर" एवढंच छापून आलं होतं, ती कुठली ते नव्हतं. तर कृपा करून खऱ्या वेबसाईटचा पूर्ण पत्ता चौकटीत ठळक छापत जा, शेवटी डॉट गव्ह डॉट इन आहे का ते बघा असं त्याच्याखाली एका ओळीत, आणि फी किती ते पण छापा, म्हणजे आमच्यातले जे केंद्रवाले पन्नासचे दीडशे घेतेत त्यांची पण सोय होईल. आणि तुमच्या जिल्हा पानावर अनुदानाच्या याद्यांचे फोटो येतात ना, त्यातले खाते नंबर छापायच्या आधी कोणाला तरी झाकायला सांगा.

आपला वाचक,
एक सेवा केंद्र चालक
जि. परभणी
(नाव छापू नये, रोज त्याच ऑफिसात काम असतं)